खाक्याला चालेल असा कागद

कोणताही कागद हातात दिला की दस्तगीरचाचा तो आधी वाचत नसत. कानाशी नेत, दोन बोटांत धरून हलकेच चुरगाळत आणि डोळे बारीक करून ऐकत. पहिल्या भेटीत मी त्यांना माझ्या कॉलेजचं पत्र दिलं. वर छापील नाव, खाली प्राचार्यांची सही आणि सहीशेजारी दातेरी कडेचा जांभळा गोल शिक्का. एवढा शिक्का बघून म्हातारा निदान बसायला तरी सांगेल, असं मला वाटलं होतं. चाचांनी पत्र ऐकलं आणि म्हणाले, "कडक हाय. फुलाला चालत न्हाई. खाक्याला चालंल." मग ते त्यांनी वाचायला लेकीकडे दिलं आणि मला दारातच उभं ठेवलं.

मी नांदेडच्या एका कॉलेजात कलेचा इतिहास शिकवतो. मूळचा आखाडा बाळापूरचा. आमच्या घरात संशय दुधाबरोबर पाजतात. वडील बाजारातून आणलेली वांगी चार ठिकाणी दाबून बघत आणि घरी आल्यावर पुन्हा दाबत. मी तोच स्वभाव घेऊन शिकलो आणि त्यावर नोकरीही लागली. जुनं म्हणून जे जे पुढे येतं त्याकडे वाकड्या नजरेनं बघायचं, हेच तर आमचं काम. पण चाचांच्या दारात उभा असताना मला पहिल्यांदा कळलं, की आपल्याकडे कोणी तसं बघितलं तर फार राग येतो.

दस्तगीरचाचा कुरुंद्याच्या अलीकडच्या एका लहान गावात राहत. मोहरमचा ताबूत बांधणं हे त्यांच्या घराचं काम. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पतंगाच्या कागदाची जाळी, फुलं, कमानी, मनोरे. दोन महिने खपायचं, दहाव्या दिवशी गावातून मिरवायचं आणि ओढ्यात नेऊन थंड करायचं. म्हणजे पाण्यात सोडून द्यायचं. पुढच्या साली पुन्हा पहिल्यापासून. बांबू माणिकरावांच्या मळ्यातला. माणिकराव हिंदू शेतकरी, गावातलं मोठं घर आणि ताबूत कमिटीचे प्रमुखही तेच. त्यांच्या घरच्या सुना ताबूत वाहणाऱ्यांच्या पायावर पाणी घालत, आणि चाचांच्या घरून त्यांच्याकडे चोंगे, म्हणजे मोहरमच्या गोड पोळ्या, जात. ह्यात कोणाला काही विशेष वाटत नसे.

वर्षाचे बाकीचे महिने चाचा वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, हळदीची पोती शिवायला जात. त्यामुळे त्यांचे हात बोटांपासून कोपरापर्यंत पिवळे. साबणानं जात नसे, दगडानं घासून जात नसे. ईदच्या दिवशी पांढरा सदरा घातला की बाह्यांवर पिवळी नक्षी उठायची. "हे माहं आधार कार्ड हाय," असं म्हणून ते पंजा दाखवायचे.

मला त्यांच्याकडे धाडलं होतं त्याचं कारण असं. एक संस्था मराठवाड्यातल्या लोककलांचं दालन उभं करणार होती. कुठली कला खरी परंपरागत आणि कुठली अलीकडची, हे बघून लेखी अभिप्राय द्यायचं काम आमच्या कॉलेजकडे आलं. माझ्यासाठी ते दौऱ्याचं एक काम होतं. चाचांसाठी मात्र सगळंच त्यात अडकलं होतं. कमिटीतल्या काहींना शहरातून तयार ताबूत आणायचा होता. थर्माकोलचा, आत दिव्यांच्या माळा, फोटोत झकास. शिवाय चाचा थकलेले, मुलगा नाही, आणि त्यांच्यामागं काम करणार होती ती त्यांची मुलगी जैबून. बाईच्या हातचा ताबूत, अशी परंपरा न्हाई, असं माणिकराव चारचौघांत बोलले होते. चाचा त्यावर म्हणाले होते, "काम करायचं नसलं की मानसाला परंपरा आठवते." शेवटी असं ठरलं, की कॉलेजनं जुनी कला म्हणून लिहून दिलं तर ताबूत चाचांच्या घरी राहील, जैबून बांधील. नाहीतर तयार आणायचा.

हे मला जैबूननंच पहिल्या दिवशी सांगितलं. चहा दिला आणि न लाजता म्हणाली, "सर, तुमी काय लिहिता त्यावर हाय सगळं." चाचा मात्र माझ्याशी दोन दिवस धड बोलले नाहीत. त्यांचंही खरं होतं. पूर्वी कोणी एक गृहस्थ कॅमेरा घेऊन आला, सगळ्या फुलांचे फोटो काढून गेला, आणि पुढच्या लगीनसराईत तीच फुलं पत्रिकांवर उमटली. तेव्हापासून चाचा येणाऱ्याच्या पिशवीकडे आधी बघत. माझी पिशवी त्यांनी दाराबाहेर खुंटीला लावायला सांगितली होती.

तिसऱ्या दिवशी कुठं त्यांनी पत्र्याची पेटी उघडली. आत खाके. खाका म्हणजे फुलाचा कापून ठेवलेला नमुना, कधी सुटं फूल, कधी कागदात फुलाच्या आकाराचं भोक. तो पतंगी कागदाच्या घडीवर ठेवायचा आणि कडेनं कैची चालवायची. खाके पिवळेजर्द होते. कडा काळपट, मध्ये जुन्या पोथीच्या पानासारखा रंग. मी विचारलं, कोणाचे? चाचा म्हणाले, "हा आज्याचा. हा अब्बाचा. हे आमच्या घरचं फूल." किती पिढ्या? चाचांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "सात." मी वहीत लिहिलं, सात पिढ्या. बाहेर जाऊन विभागप्रमुखांना फोनही केला, की कागद रंगावरून शंभर वर्षांच्या पुढचे दिसतात, घबाड आहे.

परत येऊन त्यातला एक खाका सहज उलटा केला. मागं खताच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. जेमतेम सहा वर्षांपूर्वीचं. मी दुसरा उलटला. कुठल्यातरी लग्नाची पत्रिका, तीही नवीच. मग माझं लक्ष चाचांच्या बोटांकडे गेलं. खाका धरला होता तिथं ताजा पिवळा डाग उमटत होता. मी ज्याला शंभर वर्षं म्हणत होतो ती वसमतच्या मोंढ्यातली हळद होती. आयुष्यभर हळदीच्या मुलखात वाढलेला मी, मला हळद ओळखू आली नाही! लाज वाटायला हवी होती. पण लाज वाटली की माणूस आधी दुसऱ्यावर चिडतो, तसा मी चिडलो.

मग मी हात धुऊन मागे लागलो. दुसऱ्या दिवशी शब्द फिरवून पिढ्या पुन्हा विचारल्या. चाचा म्हणाले, पाच. जैबूनला विचारलं तर ती म्हणाली, मला आज्यापर्यंत ठाव. आणि सगळ्यात मोठा घाव बसला तो कोनाड्यातल्या डब्यानं. चाचा कैच्या ठेवत तो जुना बिस्किटांचा डबा. त्याच्या झाकणावर उठावाचं एक फूल होतं. मी पाकळ्या मोजल्या. सोळा. 'आमच्या घरचं फूल' म्हणून पेटीतून निघालं होतं, त्याच्याही सोळा. पाकळीचा बाकसुद्धा तोच. मी झाकण चाचांच्या समोर धरलं. ते जराही ओशाळले नाहीत. "व्हय, तिथूनच घेतलं. अब्बांनी," म्हणाले. "त्याचं असं हाय मास्तर, ऐकून तर घ्या." पण माझ्या बसची वेळ झाली होती आणि ऐकायची इच्छा तर त्याआधीच संपली होती. चोर तो चोर, वर शिरजोर, असं मनात म्हणत मी खुंटीची पिशवी काढली. चाचांची एक सवय मला नंतर कळली. एकदा सांगायला घेतलेली गोष्ट समोरच्यानं टाळली, तर ते ती त्याला पुन्हा कधी सांगत नसत.

अभिप्राय मी त्याच आठवड्यात लिहिला. 'सदर कलेत अखंड परंपरेचा पुरावा आढळत नाही. नमुने अलीकडच्या छापील वस्तूंवरून घेतलेले आहेत.' वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. कॉलेजच्या कडक कागदावर छापून, खाली शिक्का मारून एक प्रत संस्थेला, एक कमिटीला आणि एक चाचांना टपालानं पाठवली. जैबूनचा चेहरा एकदा डोळ्यांपुढे आला. पण शास्त्र म्हणजे शास्त्र, असं स्वतःला सांगितलं.

पंधरा दिवसांनी एका कामासाठी वसमतला गेलो होतो. मोंढ्याच्या फाटकाशी चाचा पोत्यावर बसलेले दिसले. तोंड चुकवून जाणार होतो, पण त्यांनीच हाक मारली. मला वाटलं, आता शिव्या. चाचांनी जवळच्या टपरीवरून चहा मागवला आणि विचारलं, "तुमचं कॉलेज किती पिढ्यांचं हाय?" मी म्हटलं, कॉलेजला पिढ्या नसतात. ते मान हलवत राहिले. मग मीच विचारलं, चाचा, सात काहून सांगितलं? म्हणाले, "ज्याला सात पाहिजे त्याला मी सात सांगतो. तुमच्या तोंडावर सात लिहिलेलं व्हतं. मागं एक बाई आली व्हती, तिला चारात भागलं." आणि मग चहाचा पेला खाली ठेवून त्यांनी एक भलतंच विचारलं. "मास्तर, त्या शिक्क्याला दाते किती? कडंला असतात बघा, ते. पोस्टात भिजला कागद, थोडे पुसले. मधलं मला नको. दाते बराबर किती ते सांगा."

मी म्हटलं, मोजले नाहीत. शिक्का कुठं असतो, कोण मारतो, हेही त्यांनी विचारलं. मोहरम महिन्यावर आलेला, तयार ताबूत अजून ठरलेला नाही, आणि हा म्हातारा शिक्क्याचे दाते मोजून मागतो आहे! आता हा खोटा कागद करून कमिटीपुढे ठेवणार. कागद कापण्यात ह्याचा हात धरणारा जिल्ह्यात नाही. मी नांदेडला पोचण्याआधी ऑफिसात फोन करून शिक्का कुलपात ठेवायला सांगितला. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी माणिकरावांनाही फोन केला. म्हटलं, आमच्या शिक्क्याचा दुसरा कुठला कागद चाचांकडून आला तर आधी मला विचारा, तो खोटा असू शकतो. माणिकराव बरं म्हणाले. असली गोष्ट गावात पसरायला किती वेळ लागतो, हे मला बाळापूरच्या माणसाला कोणी सांगायला नको होतं.

त्या साली शहरातला ताबूत आला. दिवे लागले, फोटो निघाले, पोरांनी मोबाइल भरून घेतले. पुढचं मला माणिकरावांनीच सांगितलं. दहाव्या दिवशी ताबूत ओढ्यात सोडला तर तो बुडेना. थर्माकोल तो, वर तरंगत राहिला. लोकांनी बांबूनं दाबला, तर पलीकडून वर आला. माणसं काठावर उभी, दुवा म्हणून झालेली, आणि ताबूत थंडच होत नाही. म्हाताऱ्या बायका रडायला लागल्या. शेवटी तो पावसाच्या पाण्यानं वाहत जाऊन माणिकरावांच्याच ओढ्याकाठच्या हळदीत अडकला आणि तुकडे होऊन पावसाळाभर वाफ्यावाफ्यात पांढरा दिसत राहिला. माणिकराव म्हणाले, "सर, अलीकडचा म्हणून चाचाचा सोडला आन् त्याच्यापरीस अलीकडचा डोक्यावर घेतला. आमची अक्कल काय चरायला गेलती काय!" मला त्यांनी दोष दिला नाही, आणि तेच मला लागलं.

पावसाळा सरताच माणिकराव स्वतः चाचांच्या दारात गेले आणि पुढच्या सालचं काम जैबूनला सांगून आले. चाचा तोवर अंथरुणाला टेकले होते. उन्हाळ्यात नव्या हळदीचे ढीग मोंढ्यात पडले तेव्हा पोती शिवायला ते नव्हते. त्यांच्या जाण्याची बातमी मला आठ दिवस उशिरा कळली. मी गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

मोहरमच्या दहाव्या दिवशी मात्र राहवेना. सकाळीच गावात पोचलो. जैबूनच्या अंगणात ताबूत उभा होता, हिरवा, लाल, चंदेरी, आणि वाऱ्यानं त्याची जाळी कुजबुजल्यासारखी वाजत होती. मी चाचांबद्दल चार शब्द बोलायचा प्रयत्न केला, ते जमले नाहीत. शिक्क्याचंही बोललो. म्हटलं, जैबून, मी तुझ्या अब्बांवर खोटेपणाचा आळ घेतला. ती म्हणाली, "ठाव हाय. गावात कळलं तव्हा अब्बा लई हसले. म्हणले, मास्तर आपल्यासारखाच हाय, कोनावर इस्वास ठेवत न्हाई. फकस्त दाते सांगितले असते तर बरं झालं असतं, म्हणले."

मग तिनं ते सांगितलं, जे त्या दिवशी बसच्या घाईत मी ऐकलं नव्हतं. त्यांच्या घरात ताबूताचा एक कायदा आहे. दर साली जुन्यातलं एक फूल काढायचं आणि नवं एक घालायचं. एकच. दोन घातली तर ताबूत परका होतो, एकही घातलं नाही तर ती निव्वळ नक्कल होते. काढलेल्या फुलाचा खाका त्याच साली ताबूताबरोबर ओढ्यात जातो, आणि जी राहतात त्यांचे खाके झिजले की मिळेल त्या कागदावर पुन्हा कापायचे. कागद कॅलेंडरचा, पण वळण आज्याचं. तिच्या आज्याच्या आज्यानं म्हणे निजामाच्या नाण्यावरचा मनोरा घातला होता. अब्बांच्या अब्बांनी बिस्किटाच्या डब्यावरचं फूल. साल जे दारात आणील ते ताबूतात जातं. "जुनं टिकतं म्हणून जुनं न्हाई," चाचा तिला सांगत, "दरसाल करावं लागतं म्हणून जुनं हाय."

मी विचारलं, मला हे का नाही सांगितलं कोणी? ती म्हणाली, "तुमी किती जुनं, एवढंच इचारून राहिले व्हते सर." पंचवीस वर्षं मी मुलांना परंपरा शिकवली. घराणी, शैली, कालखंड. जे सारखं राहिलं ते शोधत गेलो आणि जिथं बदल दिसला तिथं खोट समजलो. एक पोती शिवणारा माणूस मला वर्गात बसवून शिकवायला तयार होता, आणि मला बस गाठायची होती.

"यंदा काय काढलं?" मी विचारलं. डब्याचं फूल, ती म्हणाली. अब्बांनीच सांगून ठेवलं होतं. आणि घातलं काय? तिनं ताबूताच्या मधल्या कमानीकडे बोट दाखवलं. तिथं डब्याच्या फुलाच्या जागी दुसरं फूल होतं. गोल, कडेला बारीक दाते, आत आणखी एक रिंगण आणि मध्ये मोकळं. लाल कागदावर चंदेरी. कमानभर तेच, एकाशेजारी एक. मी बघत राहिलो. ओळखीचं वाटत होतं आणि ओळख पटत नव्हती. मग जैबूननं पेटीतून खाका काढून माझ्या हातात दिला.

खाका कडक होता आणि चाचांच्या बोटांनी पिवळा झालेला. मी तो सवयीनं उलटा केला. मागं माझाच अभिप्राय होता. 'सदर कलेत अखंड परंपरेचा पुरावा आढळत नाही' हे वाक्य पूर्ण शाबूत. त्याखाली माझी सही. आणि जिथं शिक्का होता तिथं नेमकं गोल भोक, कडेनं दाते. पुसलेले दाते चाचांनी आपल्या अंदाजानं भरले होते. मी मोजले. बत्तीस. आमच्या शिक्क्याला किती आहेत हे मला आजही माहीत नाही, आणि बघायला जायची हिंमत नाही. खोटा कागद करायचा सोडाच, त्या माणसानं माझा खरा कागद घेऊन त्यातून आपलं फूल काढलं होतं.

दुपारी ताबूत उचलला. माणिकरावांच्या दारात थांबला, सुनांनी पाणी घातलं. हिंगोलीहून त्यांचे पाहुणे आले होते. माणिकराव त्यांना एकेक कमान दाखवत होते आणि माझा हात धरून त्यांनी मलाही पुढं ओढलं. मधल्या कमानीशी येऊन म्हणाले, "हे गोल फूल बघा. हे चाचाच्या घरचं. लई जुनं, सात पिढ्यांचं." आणि माझ्याकडे वळले. "हे सर कॉलेजात हेच शिकवतात. बराबर हाय ना सर?"

खाका अजून माझ्या हातातच होता, माझं वाक्य तळहाताकडे. पाहुणे वाट बघत होते. जैबून ताबूताच्या पलीकडून माझ्याकडे बघत होती, तिच्या अब्बांनी पहिल्या दिवशी माझं पत्र ऐकलं होतं तसंच, डोळे बारीक करून.

"व्हय," मी म्हणालो. "बराबर हाय."